रक्ताचा कौल वेळेत हवा

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्ताकडून दोन उलट अपेक्षा असतात. जखमेत ते गोठायला हवे. हृदय-फुफ्फुस यंत्राच्या नळ्यांतून फिरताना मात्र मुळीच गोठता कामा नये. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पण हृदय उघडणाऱ्या शल्यविशारदांपुढचा हा पेच तेव्हा होता, तसाच आजही आहे.

पेचाचे मूळ असे, की परक्या पृष्ठभागाला लागताच रक्त गोठू लागते. काच असो वा यंत्राचे प्लास्टिक, काचेवर हे अधिक वेगाने घडते. आमच्या कळंबपासून तळकोकणापर्यंत भातशेतीत घोणस चावली, की डॉक्टर याच गुणाचा आधार घेतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विषाने गोठवणारी द्रव्ये संपवली आहेत, प्रतिविष द्यायला हवे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर उत्तर फसवे येते.

शस्त्रक्रियागृहात वीस मिनिटेही पुष्कळ. यंत्र जोडण्यापूर्वी हेपॅरिन देऊन रक्त गोठणे थांबवतात. ते पुरेसे झाले का, हे पाहणारी चाचणी पॉल हॅटर्सली यांनी १९६६ साली मांडली. नळीत विशिष्ट मातीची पूड घालून गोठणे मुद्दाम घाईने सुरू करायचे आणि सेकंद मोजायचे. एरवी दोनेक मिनिटांत गोठणारे रक्त आता चारशे ते पाचशे सेकंद टिकले, तरच यंत्र सुरू होते. काम संपल्यावर उतारा म्हणून प्रोटामिन देतात. हे द्रव्य मूळचे सामन माशाच्या शुक्रपेशींतले.

तरीही रक्त वाहतच राहिले तर? प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्या बिंबिका काढून टाकलेल्या रक्तद्रवावर होतात. पहिला धागा दिसताच त्या थांबतात आणि अहवाल यायला बराच वेळ जातो. जर्मनीत हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ साली वेगळी वाट दाखवली. हळूहळू डोलणाऱ्या प्याल्यात संपूर्ण रक्त, त्यात टांगलेली दांडी. गुठळी धरू लागली की प्याला दांडीलाही डोलवतो, आणि त्या हालचालीचा आलेख उमटतो.

हा आलेख वाचता येतो. सुरुवातच लांबली, तर गोठवणाऱ्या घटकांची कमतरता किंवा उरलेले हेपॅरिन. रुंदी कमी, तर बिंबिका किंवा फायब्रिनोजेन अपुरे. रुंदावून पुन्हा निमुळता झाला, तर गुठळी विरघळते आहे. तिथे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल.

मर्यादाही आहेत. ॲस्पिरिनने मंदावलेल्या बिंबिका साध्या आलेखात दिसत नाहीत. प्याला ३७ अंशांवर असतो, रुग्ण गारठलेला असू शकतो. आणि आलेख निर्दोष असूनही रक्त थांबत नसेल, तर दोष बहुधा एखाद्या न बांधलेल्या वाहिनीत; पिशव्या चढवण्याआधी जखमेत पुन्हा पाहावे लागते.

मला या चाचण्यांचे मोल इथेच दिसते. अंदाजाने सर्व काही चढवण्याऐवजी नेमके जे कमी आहे तेवढेच देता येते. रक्ताची प्रत्येक पिशवी कुणाच्या तरी दंडातून आलेली असते. ती योग्य माणसाला, योग्य मिनिटाला मिळावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.