युद्ध, जागतिक अन्नसुरक्षा आणि पर्यावरण : युक्रेन युद्धाच्या संदर्भात

प्रस्तावना :
युद्धाची हानी सामान्यतः मृत व जखमी यांच्या संख्येवरून मोजली जाते. परंतु रणभूमीपासून हजारो मैल दूर असलेल्या कुटुंबांच्या अन्नावर आणि युद्धोत्तर पिढ्यांच्या जमिनीवरही त्याचे परिणाम होतात. अन्नाची उपलब्धता, ते मिळविण्याची क्षमता, त्याचा योग्य उपयोग आणि या तिन्हींतील स्थैर्य हे अन्नसुरक्षेचे चार आधार मानले जातात. युद्ध या चारही आधारांवर एकाच वेळी आघात करते.

अन्नपुरवठ्यावरील परिणाम :
युद्धापूर्वी जगाच्या गहू निर्यातीत रशिया व युक्रेन यांचा एकत्रित वाटा सुमारे ३० टक्के होता. सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत एकट्या युक्रेनचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यावर काळ्या समुद्रावरील युक्रेनची बंदरे ठप्प झाली. कोठारांत धान्य होते. ते बाहेर नेण्याचा मार्ग नव्हता. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अन्न किंमत निर्देशांकाने तोवरचा उच्चांक गाठला. इजिप्त व लेबनॉन या आयातीवर अवलंबून असलेल्या देशांना याची विशेष झळ बसली. नैसर्गिक वायू महागल्याने नत्रयुक्त खतांचे दरही वाढले. भारतात सूर्यफूल तेल महागले. उष्णतेच्या लाटेने गव्हाचे उत्पादन घटलेले असतानाच जागतिक दर चढल्याने १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गहू निर्यातीवर बंदी घातली.

२२ जुलै २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रे व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने इस्तंबूल येथे धान्य वाहतुकीचा करार झाला. त्याद्वारे सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व अन्य खाद्यपदार्थ बाहेर पडले. १७ जुलै २०२३ रोजी रशियाने करारातून माघार घेतली.

पर्यावरणावरील परिणाम :
६ जून २०२३ रोजी नीपर नदीवरील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले. धरणाखालील गावे पुरात बुडाली, तर जलाशय रिकामा झाल्याने दक्षिण युक्रेनमधील विस्तीर्ण शेतीचा सिंचनस्रोत नाहीसा झाला. शेतांत पेरलेले सुरुंग आणि स्फोटकांतून मातीत मिसळणारे जड धातू यांमुळे सुपीक काळी जमीनही पडीक राहते. अशा हानीचे आयुष्य किती दीर्घ असते, हे इतिहासावरून दिसते. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. तरीही फ्रान्समधील व्हर्दून परिसरातील काही जमीन आजही लागवडीस अयोग्य आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने फवारलेल्या तणनाशकांतील डायॉक्सिन काही ठिकाणच्या मातीत अनेक दशके टिकून राहिले.

निष्कर्ष :
वरील दोन्ही परिणामांची कालगती भिन्न आहे. २०२३ पर्यंत जागतिक किंमत निर्देशांक उच्चांकावरून बराच खाली आला. दूषित जमीन मात्र तितक्या लवकर पूर्वपदावर येत नाही. त्यामुळे केवळ बाजारभावाच्या आधारे अन्नसुरक्षा पूर्ववत झाल्याचा निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक शिष्टाचाराने उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर करण्यास आणि पर्यावरणाची व्यापक, दीर्घकालीन व गंभीर हानी करण्यास मनाई केली आहे. सुरक्षा परिषदेने २०१८ च्या ठराव क्रमांक २४१७ द्वारे उपासमारीच्या अशा वापराचा निषेध केला. मात्र नियमांची अंमलबजावणी दुर्बल आहे. म्हणूनच सुरुंग काढणे, मातीची तपासणी व सिंचनाची पुनर्बांधणी यांना युद्धोत्तर मदतीत धान्यवाटपाइतकेच स्थान मिळणे आवश्यक ठरते.