उंचीचा आकडा फसवतो : कामणदुर्गाची चढाई एवढी कठीण का?

वसई रोड स्थानकाच्या पुलावरून पूर्वेकडे पाहिले, की इमारतींच्या गर्दीमागे तुंगारेश्वरच्या डोंगररांगेची निळसर रेघ दिसते. रोज लोकलने ये-जा करणाऱ्या हजारो वसई-विरारकरांना ती परिचयाची आहे, परंतु तिथे पाऊल टाकणारे फार थोडे. याच रांगेत, कामण गावाच्या माथ्यावर, कामणदुर्ग उभा आहे. त्याची उंची सुमारे २१०० फूट. सह्याद्रीत चार-पाच हजार फुटी शिखरांवर जाऊन आलेल्या मंडळींना हा आकडा किरकोळ वाटतो. तरीही अनुभवी ट्रेकर या किल्ल्याला दमवणारा आणि चकवणारा म्हणूनच ओळखतात. असे का, हे समजून घेण्याजोगे आहे.

पहिले कारण साध्या वजाबाकीचे. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते. चढणाऱ्याचे पाय मात्र पायथ्यापासूनची उंची मोजतात. लोहगडाची उंची सुमारे ३४०० फूट आहे. पण लोहगडाला निघालेला प्रवासी ज्या मळवली स्थानकावर उतरतो, ते घाटमाथ्यावर दोन हजार फुटांच्या आसपासच वसलेले आहे. निम्म्याहून अधिक उंची रेल्वेच्या इंजिनाने आधीच चढलेली असते! कामण गाव मात्र खाडीच्या काठचे, जवळजवळ समुद्राच्या पातळीवरचे. येथे दोन हजार फुटांतला बहुतेक प्रत्येक फूट स्वतःच्या पायांनी चढावा लागतो.

त्यात हवा किनाऱ्याची. दमट हवेत घाम येतो, पण तो सुकत नाही. आणि सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात किंवा मार्चनंतर येथे जाणाऱ्यांना डोंगरापेक्षा उकाडाच अधिक छळतो. दाट रानात वाराही अडतो. माणशी किमान तीन-चार लिटर पाणी बरोबर हवे, हा सल्ला अतिशयोक्त नाही.

दुसरे कारण डोंगराच्या खडकात दडले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. हे थर सारखे नसतात. काही घट्ट आणि कठीण, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, लवकर झिजणारे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार किंवा सपाटी. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच.

जगातील अनेक दुर्गम पर्वत चुनखडीचे आहेत. त्यांची गोष्ट अगदी निराळी. चुनखडी पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून मलेशियातील सारवाकच्या मुलू परिसरात किंवा मादागास्करच्या त्सिंगी भागात सुऱ्यासारखे धारदार सुळके आणि पोटात प्रचंड गुहा दिसतात. तिथे पडलेला पाऊस भेगांतून थेट खाली निघून जातो, वर पाणी टिकत नाही. महाराष्ट्रातही चुनखडी आहे, पण ती चंद्रपूर-यवतमाळकडे, सिमेंट कारखान्यांच्या परिसरात. आपला काळा कातळ पाण्यात असा विरघळत नाही. घट्ट थरात टाके खोदले तर ते पाणी धरून ठेवते. कामणदुर्गाच्या माथ्यावर तट-बुरूज शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल. कातळात खोदलेली पाण्याची टाकी हीच येथील किल्लेपणाची मुख्य खूण. या टाक्यांतील पाणी पिण्याच्या भरवशावर मात्र कोणी जाऊ नये.

या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेतूनच चकवा निर्माण होतो. डोंगराच्या सपाट्यांवरून गुरांच्या, लाकूडफाट्याच्या पायवाटा आडव्या धावतात. त्या रुंद, मळलेल्या, चालायला सोप्या. किल्ल्याकडे चढणारी वाट त्या मानाने अरुंद आणि कारवीत बुडालेली. पाय आपोआप सोप्या वाटेला लागतात, आणि अर्ध्या तासाने लक्षात येते की आपण चढत नसून डोंगराला नुसती प्रदक्षिणा घालत आहोत. झाडी दाट असल्याने माथाही दिसत नाही. यावर एकच खात्रीचा उपाय : पायथ्याच्या पाड्यातील एखादा जाणकार वाटाड्या सोबत घेणे आणि त्याला त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला देणे. मोबाइलमधील नकाशावर विसंबून हे रान तुडवण्यात शहाणपण नाही.

पावसाळ्यात तर हा परिसर आणखी बेभरवशाचा. याच डोंगररांगेतील चिंचोटी धबधब्यावर जुलै २०१८ मध्ये ओढ्याला अचानक पूर आला आणि शंभरहून अधिक पर्यटक अडकले. एकाचा बुडून मृत्यू झाला. तीव्र उतारांच्या कातळावर पडलेला पाऊस मुरत नाही, तो काही मिनिटांत ओढ्यात उतरतो. वर सर कोसळत असताना खाली ऊनही असू शकते. म्हणून प्रशासनाने पर्यटनबंदीचे आदेश काढले, की ती मौजेवरची गदा आहे, असे समजू नये.

तुंगारेश्वरचे हे जंगल २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथे बिबट्याचा वावर आहे. जाण्यापूर्वी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करावी आणि रानात विस्तव पेटवू नये.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात चांगला. वसई-दिवा मार्गावर कामण रोड स्थानक आहे, पण गाड्या मोजक्याच. वसईहून भिवंडीच्या रस्त्याने येणे अधिक सोयीचे. पहाटे निघावे. माथ्यावर पोहोचल्यावर आकाश स्वच्छ असेल, तर खाडी आणि भिवंडीकडे जाणारी वाट एका नजरेत येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या काळी अशा जागेवरील टेहळणीला केवढे मोल असेल, याची कल्पना तेथे उभे राहिल्यावरच येते. मात्र फार रेंगाळू नये. दुपारी एकच्या आत उतरायला सुरुवात केली, तर आडव्या वाटांचा तो गुंता उजेडात पार होतो.