बांधून ठेवलेल्या होडीची बॅटरी का उतरते?

१ जूनला आपल्या किनाऱ्यावरची यांत्रिक होड्यांची मासेमारी थांबते आणि ३१ जुलै उलटल्यावर पुन्हा सुरू होते. हे ६१ दिवस पालघरजवळच्या सातपाटीत किंवा बोईसरपलीकडच्या नवापूर-दांडीच्या बाजूला होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात. जाळी विणली जातात, इंजिनाची डागडुजी होते. बॅटरीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला किल्ली फिरवावी, तर इंजिन एकदा कण्हते आणि गप्प होते. बॅटरी उतरलेली असते!

मे महिन्याच्या सुटीनंतर शाळेत निघालेल्या शिक्षकाच्या स्कूटरचे हेच होते. २०२० सालच्या टाळेबंदीत दाराशी उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्यांचेही हेच झाले. होडीच्या बाबतीत मात्र गोष्ट केवळ खोळंब्याची नसते. दिवे, वायरलेस संच आणि जागा दाखवणारे जीपीएस यंत्र बॅटरीवरच चालते. दोन महिने उपाशी राहून अशक्त झालेली बॅटरी किनाऱ्यावर कशीबशी चालली, तरी भर समुद्रात दगा देऊ शकते.

मग प्रश्न असा, की जी वापरलीच नाही ती बॅटरी उतरली कशी?

या बॅटरीचे मूळ रूप फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केले. तिच्यात शिशाची एक पट्टी, शिशाच्या डायऑक्साइडची दुसरी पट्टी आणि दोन्हींमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. असा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो. सहा घट एकापुढे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना याच्या उलट क्रिया घडते. बॅटरीत वीज 'भरलेली' नसते, तर वीज देऊ शकणारी रसायने असतात. आणि रसायने स्वस्थ बसत नाहीत.

वीज गळण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट बॅटरीच्या आत. बाहेर काहीही जोडलेले नसले, तरी पट्ट्यांची आम्लाशी संथ क्रिया चालूच असते. ठीक असलेली बॅटरी यामुळे महिन्याला साधारण ५ टक्के उतरते, जुनी त्याहून जास्त. तापमान १० अंशांनी वाढले, की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. थंड देशांत बॅटरी ठेवून देणे त्या मानाने सोपे. आपल्या दमट, उबदार किनाऱ्यावर ही गळती थांबवता येत नाही, फक्त भरून काढता येते.

दुसरी वाट बॅटरीच्या झाकणावरून जाते. धूळ, उडालेले आम्ल आणि खारी हवा यांचा ओलसर थर दोन टोकांच्या मध्ये साचतो. कोरडी धूळ वीज फारशी वाहू देत नाही, पण मिठाचे पाणी देते.

तिसरी वाट तारांमधून. बटणे बंद केली, तरी घड्याळ, यंत्राची स्मृती किंवा खराब झालेले वेष्टन यांतून थोडी विद्युतधारा वाहत राहते. ती ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर आहे असे धरू. एवढ्याने काय होणार? गणित करून पाहू. ६१ दिवस म्हणजे १४६४ तास. ०.०५ गुणिले १४६४ म्हणजे ७३.२ अँपिअर-तास! बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल, तर आतल्या गळतीचे १० त्यात मिळवून ८३ संपले. उरले फक्त १७. ठिबकणाऱ्या नळाने रात्रभरात बादली भरावी, तसा हा प्रकार आहे.

पण उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज करता येतेच, मग बिघडले कुठे? खरे नुकसान इथेच आहे. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्ज करताना सहज विरघळते. बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात. ते सहजासहजी परत फिरत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. थोडक्यात, बॅटरी नुसती पडून राहिल्याने मरत नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने मरते.

एवढे समजले की उपाय आपोआप सुचतात. होडी शाकारण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. तारा सोडवाव्यात, आधी ऋण टोकाची, मग धन टोकाची. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बुचे घट्ट लावून झाकण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे आणि कोरडे करावे. बॅटरी घरात सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. पाणी घालण्याच्या प्रकारची असेल, तर पट्ट्या बुडतील एवढे शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. महिन्यातून एकदा व्होल्टमापी लावावा. काही तास स्वस्थ असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे; १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उतरली. १२.४ च्या खाली जाऊ न देता पुन्हा चार्ज करावी. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ विडी, दिवा, ठिणगी नको.

बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, असे अनेकजण सांगतात. आजचे प्लॅस्टिकचे कवच विद्युतरोधक आहे, त्यामुळे जमीन वीज 'ओढून' घेत नाही. फळीवर ठेवल्याने ती कोरडी राहते, एवढाच फायदा.

वर्गात दुसऱ्या वाटेचा प्रयोग सहज करता येईल. ९ व्होल्टची छोटी बॅटरी, मल्टिमीटर आणि टिपकागदाची पट्टी घ्या. बॅटरीचे एक टोक, मीटर, कागदाची पट्टी आणि बॅटरीचे दुसरे टोक असे एकापुढे एक जोडा. पट्टी आधी कोरडी ठेवा, मग साध्या पाण्याने आणि शेवटी मिठाच्या पाण्याने भिजवा. दर वेळी मिलिअँपिअरचा आकडा लिहून घ्या आणि ६१ दिवसांत किती अँपिअर-तास गळतील ते मुलांना काढू द्या. धारा मोजण्यावर लावलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना मात्र कधीही लावू नये. गाडीची आम्लाची बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये.

सातपाटीच्या होडीपासून तारापूरच्या अणुवीज केंद्रापर्यंतचे अंतर तसे थोडेच. १९६९ साली सुरू झालेल्या या केंद्रासारख्या ठिकाणी बॅटऱ्यांच्या रांगा असतात. बाहेरची वीज गेली, तर सूचक यंत्रे आणि नियंत्रणे चालू ठेवणे हे त्यांचे काम. त्या कायम जोडलेल्या राहतात आणि जेवढी गळती, तेवढीच वीज त्यांना सतत हळूहळू पुरवली जाते. २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील फुकुशिमा केंद्रात त्सुनामीचे पाणी शिरले आणि काही भट्ट्यांच्या बॅटऱ्या निकामी झाल्या. तेव्हा भट्टीतल्या पाण्याची पातळी वाचण्यासाठी कामगारांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या.

संकटकाळासाठी ठेवलेली वस्तू स्वस्थ काळात सांभाळावी लागते. होडी असो, शाळेचा इन्व्हर्टर असो की आपली स्कूटर असो, सुटी लागण्याच्या दिवशी बॅटरीसाठी दहा मिनिटे काढली, तर पुढचे दोन महिने निर्धास्त जातात.