मांडवीकाठचा मुक्काम

प्रवासाला निघताना गाडीचे आरक्षण सर्वजण काळजीपूर्वक करतात. मुक्कामाची जागा मात्र पुष्कळदा एखाद्या मोहक छायाचित्रावरून ठरते. सहलीचा निम्मा वेळ आणि खर्चाचा मोठा वाटा ज्या खोलीत जातो, तिची निवड इतक्या सहजपणे व्हावी, हे नवलच म्हणावे लागेल. त्यातून गाव पणजीसारखे असेल, एका बाजूला शांत जुन्या गल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला रात्रभर उजळलेली कॅसिनोची जहाजे असतील, तर ही निवड अधिकच विचारपूर्वक करावी लागते.

झाशीतील मराठी वस्ती नेवाळकरांच्या काळापासूनची. तेथील नगरा भागात राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त गोव्याचा बेत आखला. मुलाने त्यासाठी 60,000 रुपये हाती ठेवले. काकूंची कुलदेवता फोंडा तालुक्यातली. तिची ओटी भरण्याचे कित्येक वर्षे राहून गेले होते. काकांच्या मनात आणखी एक इच्छा होती. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या या गृहस्थांना एकदा कॅसिनो आतून पाहायचा होता. खोली, ने-आण आणि कॅसिनोचा प्रवेश एकाच रकमेत देणारी एक जाहिरातही त्यांनी जपून ठेवली होती. काकूंनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “अहो, आपण राहायला चाललो आहोत की खेळायला?”

हा प्रश्न वरवर साधा असला, तरी कॅसिनोच्या शहरात हॉटेल निवडणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असा आहे.

खेळ पाण्यावर, निवारा काठावर

अमेरिकेतील नेवाडा राज्याने 1931 मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि पुढे लास व्हेगास हे त्याचे जगप्रसिद्ध केंद्र बनले. तेथील मोठ्या हॉटेलांत खोल्या आणि खेळाचे दालन एकाच छपराखाली असतात. खोलीकडे जाणारी वाट बहुधा खेळाच्या टेबलांमधूनच जाते. यजमानाचे खरे उत्पन्न त्या दालनातून येत असल्याने खोली काही वेळा स्वस्तही मिळते.

गोव्याची रचना वेगळी आहे. तेथील 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेच्या यंत्रांवरील खेळांना परवानगी मिळाली. 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांना वाट करून दिली. त्यामुळे पत्त्यांचे डाव आणि रुलेट हे टेबलावरचे खेळ मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर चालतात. धक्क्यावरून लहान बोटीने तेथे जावे लागते. प्रवेशासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. 1 फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोमंतकीयांना तेथे खेळण्यासाठी प्रवेश नाही.

या व्यवस्थेतून प्रवाशाच्या फायद्याची एक गोष्ट निघते. पणजीतील मध्यम दराच्या हॉटेलात कॅसिनो असूच शकत नाही. जाहिरातीत ‘कॅसिनो हॉटेल’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की खोलीबरोबर जहाजाचे प्रवेशपत्र बांधून विकले जात आहे. ही गाठ सोडवून दोन्हींचे दर वेगवेगळे विचारले, की खरा हिशेब दिसू लागतो.

‘केवळ प्रौढांसाठी’ म्हणजे काय?

काकांनी काढलेल्या यादीत एका हॉटेलापुढे ‘केवळ प्रौढांसाठी’ असे शब्द होते. ते पाहून काकूंच्या भुवया उंचावल्या. वास्तविक त्यात वावगे काही नाही. अशा हॉटेलांत ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेश नसतो. मुलांसाठी खेळघर नसते, तलावावर आरडाओरडा नसतो, न्याहारी सावकाश घेता येते. ज्येष्ठ दांपत्यांना ही सोय आवडण्यासारखी आहे.

तरीही मुले नाहीत म्हणजे शांतता आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मुले रात्री दहाला झोपतात. लग्नापूर्वीची मौज करायला आलेली मित्रमंडळी झोपत नाहीत. म्हणून पाटीपेक्षा प्रश्न अधिक उपयोगी पडतात. मद्यपानगृह किती वाजता बंद होते? खोली त्याच्या वर आहे की मागच्या बाजूला? समारंभाचे सभागृह आहे का, आणि त्या तारखांना तेथे लग्न ठरले आहे का? रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास देशभर बंदी असली, तरी बंद सभागृहातला ठेका भिंतीतून ऐकू येतोच.

पणजीतील जागांचे गुणदोष

मांडवीच्या काठाने जाणारा दयानंद बांदोडकर मार्ग हा जहाजांच्या धक्क्यांना सर्वांत जवळचा. खिडकीतून नदी दिसते; पण वाहनांची वर्दळ रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शन सोहळ्याच्या निमित्ताने 1952 मध्ये हॉटेल मांडवी सुरू झाले, ते याच मार्गावर. त्या काळी नदीकाठचा मुक्काम म्हणजे शांत मुक्काम असे. आज तसे गृहीत धरता येत नाही.

फोंतेन्यास हा जुना पोर्तुगीज वळणाचा मोहल्ला. रंगीत भिंती, कौलारू छपरे आणि लहान सज्जे यांनी नटलेल्या घरांत काही छोटी निवासगृहे चालतात. तेथे घरगुती जिव्हाळा लाभतो. मात्र जुन्या घरांत उद्वाहक क्वचितच असतो, जिने चढे असतात आणि गाडी उभी करायला जागा मिळत नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. अठरा जून रस्त्याच्या आसपासची हॉटेले दिसायला साधी; पण तेथून बाजार, औषधांची दुकाने आणि खाणावळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मिरामारला समुद्र जवळ मिळतो. धक्क्यावरून रात्री परतण्यासाठी मात्र वाहन हवे.

झाशीहून येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गोवा एक्सप्रेस दोन रात्रींच्या प्रवासानंतर भल्या सकाळी मडगावला पोहोचते, तर हॉटेलची खोली सामान्यतः दुपारी ताब्यात मिळते. लवकर खोली देण्याचे आकार किती, निदान सामान ठेवून स्नान करण्याची सोय आहे का, हे आधी लेखी विचारलेले बरे.

दराच्या कुंपणावर

मध्यम दर म्हणजे किती, याला करव्यवस्थेनेच एक रेघ आखून दिली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, तर त्यापुढील खोलीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे. 7,400 रुपयांची खोली करासह 7,770 रुपयांना पडते. 7,600 रुपयांची 8,968 रुपयांना. दरातला 200 रुपयांचा फरक देयकात 1,198 रुपयांचा होतो. डिसेंबरच्या अखेरीस आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत दर वाढतात व तीच खोली रेघेपलीकडे जाते. पावसाळ्यात चित्र उलटे असते.

कॅसिनोचा प्रवेश आणि खेळ यांवरील कर पूर्वी 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. प्रवेशशुल्कात जेवण-पेयांबरोबर काही चकत्या, म्हणजे चिप्स, मिळतात. त्या पुष्कळदा एकदाच खेळण्यापुरत्या असतात. त्यांची रोकड करून मिळत नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने प्राप्तिकर लागतो, तो वेगळाच.

खेळाचे गणितही स्पष्ट आहे. एका शून्याच्या रुलेटमध्ये 37 घरे असतात. प्रत्येक घरावर 100 रुपये लावले, तर 3,700 रुपये गुंतात आणि जिंकणाऱ्या घराचे मूळ रकमेसह 3,600 रुपये परत येतात. उरलेले 100 रुपये यजमानाचे. नशीब क्षणभर कोणाच्याही बाजूने झुकते. चक्र मात्र सदैव यजमानाच्या बाजूने फिरते. म्हणून खेळासाठीची रक्कम ही करमणुकीचा खर्च मानूनच वेगळी काढावी, आणि खोलीचे पैसे तिच्यात कधीही मिसळू नयेत.

दोन पाकिटे

नगऱ्याच्या काका-काकूंनी शेवटी तेच केले. अठरा जून रस्त्यालगतच्या आतल्या गल्लीत, उद्वाहक असलेल्या हॉटेलात, 4,200 रुपयांची मागच्या बाजूची खोली त्यांनी तीन रात्रींसाठी घेतली. करासह 13,230 रुपये झाले. काकांनी प्रवेश आणि खेळ यांसाठी 8,000 रुपयांचे वेगळे पाकीट केले; बँकेचे कार्ड काकूंच्या पर्समध्ये राहिले.

जहाजावर काकांची रक्कम तासाभरात संपली. एकदा त्यांचा आकडा लागला, तेव्हा शेजारच्या अनोळखी तरुणाने टाळी दिली. मग सारे गेले. त्यांचा हात नकळत खिशाकडे वळला. खिसा रिकामा होता. खोली खालच्याच मजल्यावर असती आणि कार्ड हाताशी असते, तर काय झाले असते, हे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे मान्य केले. प्रत्यक्षात बोटीची वाट पाहावी लागली, नदीचा वारा लागला आणि काठावर येईपर्यंत मोह ओसरला होता.

साडेदहाला ते खोलीवर आले. मागची गल्ली शांत होती. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकून काकूंना जाग आली, आणि आठच्या आत ओटीचे सामान घेऊन दोघे फोंड्याच्या वाटेला लागले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे म्हणतात. परगावी गेल्यावर तर अंथरूणही आपणच निवडायचे असते. ते नीट निवडले, की पाय आपोआप आवरतात.