वनस्पतींच्या अर्कापासून कर्करोगाच्या औषधापर्यंत

पाइन, हळद, तुळस अशा वनस्पतींच्या अर्कांनी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्याच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि रुग्णांच्या आशा पल्लवित होतात. कर्करोगावरील काही महत्त्वाची औषधे वनस्पतींपासूनच मिळाली आहेत, हे खरे. मात्र प्रयोगशाळेतील अर्क आणि रुग्णाला दिले जाणारे औषध यांत किती अंतर असते, हे 'टॅक्सॉल'च्या इतिहासावरून स्पष्ट होते.

नंदुरबारच्या शास्त्रज्ञाचे योगदान

पाइनप्रमाणेच सूचिपर्णी असलेल्या पॅसिफिक यू वृक्षाची साल १९६२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून गोळा केली. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शोधमोहिमेचा तो भाग होता. सुमारे दोन दशकांत या मोहिमेत लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. औषधापर्यंत पोहोचले ते बोटांवर मोजण्याइतकेच.

नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी सालीतील प्रभावी घटक वेगळा करून त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. डॉ. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा, तर शिक्षण मुंबई विद्यापीठातील. पेशीविभाजनाच्या वेळी उभारल्या जाणाऱ्या सूक्ष्मनलिका टॅक्सॉल मोडू देत नाही, त्यामुळे विभाजन अडते, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये, म्हणजे साल गोळा केल्यानंतर ३० वर्षांनी.

साल काढली की झाड मरते, हीही अडचण होती. युरोपीय यूच्या पानांतील घटकापासून औषध तयार करण्याची पद्धत विकसित झाल्यावर ती सुटली.

अंगणातील सदाफुली, सह्याद्रीतील नरक्या

कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे सदाफुलीत मधुमेहावरील गुण शोधत होते. साखरेवर परिणाम दिसला नाही. मात्र प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिनचा शोध लागला. त्यापाठोपाठ मिळालेले व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. ही औषधे सूक्ष्मनलिका उभ्याच राहू देत नाहीत. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो पाने लागतात. त्यामुळे घरी पाने चावून वा काढा पिऊन औषधाची मात्रा मिळत नाही. उलट पानांतील इतर विषारी द्रव्ये पोटात जातात.

सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आढळते. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये ते एका चिनी वृक्षातून मिळवले होते. मूळ स्वरूपात त्याने रुग्णांच्या मूत्राशयाला इजा झाली आणि चाचण्या थांबल्या. रेणूत बदल करून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान यांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र या मागणीपायी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली.

रुग्णांनी काय करावे?

प्रयोगशाळेतील यश हा केवळ पहिला टप्पा असतो. शुद्ध घटक, नेमकी मात्रा आणि रुग्णांवरील चाचण्या यांनंतरच अर्काचे औषध होते. काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम कमी करतात किंवा त्यांची विषारीता वाढवतात. म्हणून कोणताही काढा वा अर्क घेत असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे आणि त्याच्या भरवशावर सुरू असलेले उपचार बंद करू नयेत.