घरगुती लेथसाठी मेट्रिक थ्रेडिंग डायल : गणित व निर्मिती

प्रस्तावना :
लेथवर आटे एका कापात पूर्ण होत नाहीत. त्याच खाचेतून टूल अनेकदा नेऊन खोली वाढवावी लागते. प्रत्येक कापानंतर हाफ नट उघडून कॅरेज मागे आणले जाते. नट पुन्हा चुकीच्या क्षणी बंद झाल्यास टूल दोन खाचांमधील भाग कापते आणि अखेरच्या कापापर्यंत आणलेला जॉब वाया जातो. योग्य क्षण दर्शविणारे साधन म्हणजे थ्रेडिंग डायल होय. प्रस्तुत लेखात ३ मि.मी. पिचचा लीड स्क्रू असलेल्या लहान लेथसाठी तिच्या रचनेचे विवेचन केले आहे.

कार्यतत्त्व :
डायलच्या दांड्यावरील दातेचक्र लीड स्क्रूच्या आट्यांत गुंतलेले असते. नट उघडा व कॅरेज थांबलेले असताना डायल फिरते. नट बंद होताच ती स्थिर होते. लीड स्क्रूचा पिच आणि पाडावयाच्या आट्यांचा पिच यांच्या लसाविएवढ्या अंतराच्या पटीतच नट बंद केल्यास टूल मूळ खाचेत येण्याची खात्री असते.

दात्यांची निवड :
०.५, ०.७५, १ व १.५ मि.मी. या पिचांनी ३ ला पूर्ण भाग जातो. त्यांना डायल लागतच नाही. १.२५ व २.५ साठी लसावि १५ मि.मी., म्हणजे ५ दाते, १.७५ साठी २१ मि.मी., म्हणजे ७ दाते. २ साठी ६ मि.मी., म्हणजे २ दाते, तर ०.८ व ४ साठी १२ मि.मी., म्हणजे ४ दाते येतात. या सर्वांसाठी एकच चक्र करावयाचे तर १४० दाते व सुमारे १३४ मि.मी. व्यास लागेल. म्हणून १४, १५ व १६ दात्यांची तीन चक्रे करणे सोयीचे ठरते. त्यांसाठी डायलवर अनुक्रमे २, ३ व ४ समान अंतरावरील खुणा कराव्यात.

निर्मिती :
चक्रे पितळेची करावीत. त्यांचे पिच व्यास अनुक्रमे सुमारे १३.४, १४.३ व १५.३ मि.मी. येतात. व्यास भिन्न असल्याने डायलचा आधार एका बोल्टभोवती फिरता ठेवावा. दाते लीड स्क्रूच्या आट्यांच्या कोनाएवढे तिरपे कापावेत, २० मि.मी. व्यासाच्या स्क्रूसाठी हा कोन सुमारे ३ अंश असतो. चक्र बदलल्यावर नट बंद करून डायलची एक खूण स्थिर रेषेसमोर आणावी व डायल घट्ट करावी. टाकाऊ गजावर हलका काप घेऊन प्रत्येक खूण तपासल्याशिवाय मूळ जॉब लावू नये.

मर्यादा व निष्कर्ष :
भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापांचा स्वीकार झाला. तथापि जुन्या लेथचे लीड स्क्रू इंची असू शकतात. इंचास ४ आटे असलेल्या स्क्रूवर १ मि.मी. पिचचा मेळ थेट १२७ मि.मी. नंतर, तर १.५ मि.मी. पिचचा १९०.५ मि.मी. नंतर बसतो. तेथे नट न उघडता स्पिंडल उलटा फिरवून टूल मागे आणणे हेच श्रेयस्कर होय. सारांश, डायल करण्यापूर्वी लीड स्क्रूचा पिच मोजणे ही पहिली पायरी आहे. पुढील सर्व गणित शालेय लसाविचेच आहे.