चिनी नववर्ष : हिशेब, बारा प्राणी आणि सणाचे ताट

चीन देशाशी आज आपल्या पुष्कळ सभासदांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यवहार घडतो. कोणी यंत्रांचे सुटे भाग आणवितो, कोणी खेळणी, तर कोणी दिव्यांच्या माळा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिकडून उत्तरे येईनाशी होतात आणि माल अडकून राहतो, हा अनुभव या मंडळींस नवा नाही. त्याचे कारण तेथील नववर्षाचा सण होय. ज्यांच्याशी देवघेव करावयाची त्यांचे सणवार जाणणे हिताचे असतेच. परंतु या सणात आपणा जैन व्यापाऱ्यांस ओळखीचे वाटावे असेही बरेच काही आहे. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पंचांग पाहू. चिनी महिना चांद्र असून तो अमावास्येच्या दिवशी सुरू होतो. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे पडते आणि ही तूट १९ वर्षांत ७ अधिक मास घालून भरून काढतात. ज्या चांद्र मासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, हा आपला नियम. तत्त्वतः त्यांचाही तोच आहे. मात्र ते संक्रांत सायन मानाने धरतात, त्यामुळे दोहोंचे अधिक मास नेहमी जुळत नाहीत. त्यांचा अधिक मास २०२५ साली आला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ सालचा. या गणितामुळे चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हाही येते. १९१२ साली चीनने सरकारी कामासाठी इंग्रजी दिनदर्शिका स्वीकारली. तेव्हापासून जुन्या नववर्षास ‘वसंतोत्सव’ हे नाव रूढ झाले, पण लोकांच्या मनातील खरा पाडवा तोच राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या सणाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

सणाची चाहूल बाराव्या महिन्याच्या अष्टमीस लागते. त्या दिवशी तांदूळ, राळे, कडधान्ये, सुकी बोरे, कमळबी, अक्रोड असे जिन्नस एकत्र शिजवून त्यांची पेज करतात. गौतम बुद्धांस ज्ञानप्राप्तीपूर्वी सुजातेने जी खीर अर्पण केली, तिच्याशी या पेजेचा संबंध जोडला जातो. धान्यबाजारात आयुष्य काढलेल्या आम्हांस या पेजेचे विशेष कौतुक वाटते. त्यातील राळे हे तर उत्तर चीनचे अतिप्राचीन पीक असून सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ते तेथे लागवडीखाली आले होते.

पुढे याच महिन्याच्या तेविसाव्या वा चोविसाव्या दिवशी चूलदेवतेची पाठवणी होते. ही देवता घरातील वर्षभराचे बरेवाईट वर्तन स्वर्गातील सम्राटास सांगते, अशी समजूत आहे. तेव्हा तिच्या चित्रास चिकट मिठाई देऊन तोंड गोड करतात, की वाईट शब्द बाहेर न पडावा. मग ते चित्र जाळून तिला निरोप देतात.

देवतेची समजूत मिठाईने निघते, सावकाराची निघत नाही. जुन्या चिनी बाजारात उधारी चुकती करण्याच्या मुदती वर्षातून तीन सणांना असत आणि त्यांतील शेवटची, सर्वांत कडक मुदत वर्षअखेरीची. नवे वर्ष उजाडले की तगादा करणे अशिष्ट ठरे. म्हणून वसुलीस निघालेला सावकार पहाट झाल्यावरही हातातील कंदील विझवीत नसे, अशी गंमत सांगतात; कंदील जळतो आहे तोवर रात्र सरलेली नाही! आपल्याकडे दिवाळीस वहीपूजन करण्यापूर्वी खतावणीतील येणे-देणे निकालात काढावे, हीच पूर्वापार चाल होती. नव्या वहीत जुने बाकीचे आकडे ओढून नेण्यात शोभा नाही, हे दोन्हीकडच्या पेढ्यांनी सारखेच ओळखले होते.

आता प्राण्यांविषयी. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर असा बारा वर्षांचा क्रम आहे. स्वर्गाच्या सम्राटाने शर्यत लावली तेव्हा उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि शेवटी उडी मारून पहिला ठरला, अशी कथा मुलांना सांगतात. ही परंपरा जुनी खरी. हूपे प्रांतात १९७५ साली सापडलेल्या, इ. स. पू. २१७ च्या सुमाराच्या थडग्यातील बांबूच्या पट्ट्यांवर अशीच, किंचित वेगळी यादी आहे. या बारांची सांगड काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच तत्त्वांशी घालतात. प्रत्येक तत्त्व लागोपाठ दोन वर्षे चालते, म्हणून दहा आणि बारा यांचा मेळ साठ वर्षांनी बसतो. प्रभवादी साठ संवत्सरे मोजणाऱ्या आपणांस हे आकडे परके नाहीत.

परंतु या मोजणीतून भविष्य काढू लागले की काय होते, ते आकड्यांतच पाहावे. जपान १८७३ पासून १ जानेवारीस वर्षारंभ मानतो, तरी हे प्राणी त्याने सोडलेले नाहीत. अग्नी-अश्व वर्षात जन्मलेली मुलगी पतीस घातक, असा तेथे समज. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६६ या अग्नी-अश्व वर्षी सुमारे १३ लाख ६१ हजार. आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांवर. याउलट चीनमध्ये भाग्यशाली मानलेल्या ड्रॅगनच्या २०२४ साली जन्म ९० लाख २० हजारांवरून ९५ लाख ४० हजारांवर गेले. ग्रहताऱ्यांनी काही केले नाही. जे केले ते आईबापांच्या भीतीने व हौसेने केले. मंगळ किंवा मूळ नक्षत्र सांगून सुशील मुलींची स्थळे परतविणाऱ्या आपल्या समाजाने हा जमाखर्च अवश्य तपासावा. साठ वर्षांनी तेच अग्नी-अश्व वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ रोजी फिरून आले. त्या वर्षात जन्मणाऱ्या मुलींचा यात दोष तो कोणता?

शेवटी ताट. वर्षअखेरच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. त्यासाठी कोट्यवधी लोक गावी परततात. या ताटात मांसमत्स्य असतात, हे लपविण्याचे कारण नाही. माशाच्या नावाचा उच्चार ‘शिल्लक’ या शब्दासारखा होतो, म्हणून तो मुद्दाम काही उरवितात. बाकीचा भेद धान्याचा. उत्तरेकडे गहू पिकतो, तेथे चांदीच्या लगडीच्या आकाराच्या सारणभऱ्या उकडलेल्या करंज्या. दक्षिणेकडे भात पिकतो, तेथे चिकट तांदळाची वडी, जिच्या नावात ‘वर्षागणिक उन्नती’ असा अर्थ ऐकू येतो. लहानांस लाल पाकिटातून पैसे देतात. पंधराव्या दिवशी दिव्यांचा उत्सव होऊन तांदळाच्या गोड गोळ्यांनी सणाची सांगता होते.

आणि एक गोष्ट आपणांस विशेष लक्षात घेण्याजोगी. पुष्कळ बौद्ध घरांत वर्षाचा पहिला दिवस शाकाहाराचा असतो. त्या दिवशी भाज्या, छत्र्या, सोयाबीनचे पदार्थ यांचे जे मिश्रण करतात त्यास ‘लोहान’चे भोजन म्हणतात. हा लोहान म्हणजे आपला ‘अर्हत’ शब्दच, भिक्षूंच्या मुखाने चीनला पोहोचलेला. त्या परंपरेच्या शुद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य आहे. आपण कंद टाळतो ते जीवहिंसेसाठी, ते टाळतात ते चित्तशुद्धीसाठी. कारणे निराळी, पथ्य एकच. चीनशी व्यवहार करणाऱ्या सभासदास तेथे सणाचे आमंत्रण आले, तर त्याने संकोचून नाकारू नये. पहिल्या दिवशीचे हे भोजन मागावे. मात्र पुढील नववर्ष ६ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे, हे वहीत टिपून मालाची मागणी आणि जुनी बाकी दोन्ही त्यापूर्वी उरकावी.